वाचकांचे प्रश्न : पाइपचे कंपन आणि वेल्डला जाणारे तडे

प्रश्न : आमच्या रासायनिक कारखान्यात ६०० आरपीएमचा (मिनिटाला ६०० फेऱ्या) रेसिप्रोकेटिंग, म्हणजे दट्ट्याचा, कॉम्प्रेसर आहे. त्याच्या डिस्चार्ज लाइनवरील (दाबलेला वायू बाहेर नेणाऱ्या पाइपवरील) एक इंची ड्रेनचा निपल (टोकाला व्हॉल्व्ह असलेला छोटा नळ) वेल्डलगत दोनदा तडकला. दुसरा तडा तर दुरुस्तीनंतर तीन आठवड्यांत गेला. मुख्य पाइपवर कंपन १० मिमी प्रति सेकंद आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) आहे आणि त्याची वारंवारता प्रामुख्याने २० हर्ट्झ आहे. हे धोक्याचे आहे का? फटीगच्या (वारंवार ताण येऊन धातू थकण्याच्या) हिशेबासाठी आणखी काय मोजावे?
(एक मेंटेनन्स अभियंता, लोटे परशुराम)

उत्तर : लंडनच्या एनर्जी इन्स्टिट्यूटची पाइपिंगच्या कंपनांविषयीची २००८ सालची मार्गदर्शिका या कामी बरीच वापरली जाते. तिच्या आलेखानुसार २० हर्ट्झला सुमारे ७ मिमी प्रति सेकंदांपासून काळजीचा पट्टा सुरू होतो आणि सुमारे ३३ च्या पुढे समस्येचा. आपले मूल्य मधल्या पट्ट्यात पडते. परंतु हा आलेख चाळणीसाठी आहे. त्यावरून वेल्डमधला ताण कळत नाही. शिवाय आपला आकडा मुख्य पाइपचा आहे आणि तडकतो आहे तो निपल.

निपलच्या मुळाशी ताण निर्माण होतो तो व्हॉल्व्हच्या टोकाचे आणि मुख्य पाइपचे हलणे सारखे नसते म्हणून. १० मिमी प्रति सेकंद आरएमएस म्हणजे, कंपन शुद्ध साइन तरंगाचे मानल्यास, शिखर वेग १४.१, त्याला २० हर्ट्झच्या कोनीय वारंवारतेने भागले की विस्थापन सुमारे ०.११ मिमी येते. आता समजा, व्हॉल्व्हवरही नेमके तेवढेच वाचन आले. दोघे एकाच कलेत (फेजमध्ये) हलत असतील तर सापेक्ष हालचाल जवळजवळ शून्य असेल आणि विरुद्ध कलेत हलत असतील तर ती ०.२२ मिमी होईल. दोन्ही प्रसंगी मीटरवरचे आकडे सारखेच दिसतात. म्हणून एकामागून एक घेतलेली दोन वाचने इथे उपयोगाची नाहीत. दोन सेन्सर दोन चॅनेलवर एकाच वेळी लावून, तिन्ही दिशांना, कलेसह नोंद घ्यावी.

या सापेक्ष हालचालीवरून ताणाचा ढोबळ अंदाज कागदावरही काढता येतो. निपल म्हणजे एका टोकाला जखडलेली तुळई मानली, तर मुळाशी येणारा ताण = १.५ × स्थितिस्थापकता गुणांक × बाह्य व्यास × टोकाचे विस्थापन ÷ लांबीचा वर्ग. ३३.४ मिमी व्यासाच्या, २०० मिमी लांबीच्या पोलादी निपलला ०.१ मिमी सापेक्ष विस्थापनामागे सुमारे २५ मेगापास्कल येतात, म्हणजे वर-खाली मिळून ५० चा पल्ला. साध्या फिलेट (कोनात भरलेल्या) वेल्डच्या पायथ्याला, म्हणजे वेल्ड जिथे नळाला मिळतो त्या कडेला, एवढा पल्ला अनंत काळ सोसण्याजोगा नसतो. मुख्य पाइपची भिंतही थोडी लवते, त्यामुळे खरा ताण या अंदाजाहून कमी असू शकतो. हा आकडा निर्णयाला दिशा देण्यापुरता आहे. २० हर्ट्झला दिवसाला १७ लाख २८ हजार आवर्तने होतात, एक कोटी आवर्तने सहा दिवसांच्या आत पुरी होतात. आपल्या वेल्डने तीन आठवड्यांत साडेतीन कोटींहून अधिक आवर्तने सोसली आहेत.

मोजमाप करताना काही गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. बरेच हातमीटर १० हर्ट्झच्या खाली वाचन दाबून टाकतात, आणि आपल्या यंत्राची मूळ वारंवारता (६०० आरपीएम म्हणजे १० हर्ट्झ) नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. एक इंची व्हॉल्व्हवर जड सेन्सर आणि त्याखाली मोठा चुंबक ठेवला, तर त्या वजनाने त्याची नैसर्गिक वारंवारताच खाली सरकते, म्हणून छोटा सेन्सर निवडावा. स्टेनलेस पाइपवर चुंबक सहसा धरत नाही. तेथे ठोकळा पट्ट्याने आवळावा. डिस्चार्ज लाइन गरम असते, तेव्हा सेन्सरची तापमानमर्यादा पाहून घ्यावी, आणि इन्सुलेशनच्या पत्र्यावर मोजण्याचा मोह टाळावा (हे मी सुचवण्याची गरज नसावी, पण अशी वाचने मी पाहिली आहेत). अनलोडरच्या (कॉम्प्रेसरचा भार कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेच्या) प्रत्येक टप्प्यावर आणि यंत्र सुरू होतानाही नोंद घ्यावी. कित्येकदा अर्ध्या लोडलाच कंपन सर्वाधिक असते.

दरम्यान, व्हॉल्व्हला आधार द्यायचा असेल तर तो मुख्य पाइपवरूनच, दोन प्रतलांत द्यावा. शेजारच्या बीमला बांधल्यास पाइप तापून सरकताना नवाच ताण निर्माण होईल.

प्रश्न : स्ट्रेन गेज (धातूच्या लांबीतला सूक्ष्म बदल मोजणारी चिकटवायची पट्टी) लावल्यास हा सारा खटाटोप वाचेल का?
(दुसरे एक वाचक)

उत्तर : काही अंशी वाचेल. पोलादात १०० मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत १०० भागांचा बदल) म्हणजे सुमारे २० मेगापास्कल, इतके सरळ गणित आहे. मात्र निपल कोणत्या दिशेने वाकतो हे आधी ठाऊक नसते, म्हणून परिघावर ९० अंशांच्या अंतराने किमान दोन गेज, निपलच्या अक्षाला समांतर लावावेत. वेल्डच्या पायथ्यापासून गेज किती मिलिमीटरवर आहे हे लिहून ठेवावे, कारण फटीगचा कोणता आलेख वापरायचा हे त्यावरच ठरते. उष्णतेमुळे गेजचे शून्य सरकले तरी फार बिघडत नाही. वेल्डच्या फटीगमध्ये हिशेब ताणाच्या पल्ल्याचा असतो.