घोळ की दुधी? आधी खोड मोडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फरसबंदीच्या फटींत आणि कुंडीच्या कडेनं एक तण जमिनीला चिकटून पसरलंय. खोड लालसर, पानं बारीक, फूल कधी दिसलं नाही, उपटलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा हजर. ही घोळ आहे का, आणि असली तर खाता येईल का?

फोटो मोठा करून नीट पाहिला. त्यात एक नाही, दोन वनस्पती आहेत. कुंडीच्या कडेवरून खाली लोंबणारी, जाड खोडाची ती घोळ. फटीतून चारी बाजूंना ताटलीसारखी पसरलेली, बारीक खोडाची ती दुधी. दोघींच्या फांद्या एकमेकींत शिरल्यात, त्यामुळे एकच वेल असल्यासारखं वाटतंय. म्हणूनच खाण्याच्या प्रश्नाला मी लगेच हो म्हणणार नाही.

दुधी म्हणजे भोपळा नव्हे. ही युफोर्बिया कुळातली, चीक असलेली, जमिनीला चिकटून पसरणारी वनस्पती. काहीजण हिला नायटी म्हणतात.

सगळ्यात खात्रीची चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. दोन्हीकडची एकेक कोवळी फांदी नखानं मोडा. दुधी असेल तर मोडल्या जागी लगेच पांढराशुभ्र चीक येतो, अगदी दुधाचा थेंब. घोळ मोडताना भेंडी मोडल्यासारखा हलका आवाज होतो आणि आत नुसतं पाणी असतं, थोडं बुळबुळीत. यात एक खबरदारी: उन्हात सुकलेल्या दुधीच्या जुन्या फांदीतून चीक कधीकधी दिसेल न दिसेल इतकाच येतो. एक फांदी मोडून थांबू नका, दोन-चार मोडा, त्याही शेंड्याकडच्या, आणि पहाटे मोडल्यात तर उत्तम. चीक बोटाला लागला तर लगेच धुवा. मी एकदा हातमोजे न घालता तासभर दुधी उपटली आणि त्याच हातानं घाम पुसला. पुढचे दोन तास डोळा उघडत नव्हता.

चिकाची चाचणी झाली की मग पानं बघा, पण पानाचा आकार नंतर. आधी पान खोडाला कुठे आणि कसं लागलंय ते बघा. नवशिके इथेच फसतात, कारण सगळं लक्ष आकाराकडे असतं आणि आकार तर पाणी, ऊन आणि माती यांनुसार बदलत राहतो. कुंडीत भरपूर पाणी मिळालेल्या घोळीचं पान अंगठ्याच्या नखाएवढं होतं, फटीत अडकलेल्या घोळीचं तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं. पेरावरची मांडणी मात्र सहसा बदलत नाही.

दुधीची पानं प्रत्येक पेरावर समोरासमोर, जोडीनं, एकाच सपाटीत मांडलेली असतात. पान पातळ, कडेला बारीक दाते, आणि त्याचा तळ एका बाजूला तिरका. देठाजवळ पानाचे दोन्ही खांदे एका उंचीवर नसतात. साध्या भिंगानंही हे दिसतं. मधोमध गडद तांबडा डाग असेल तर ती दुधीतली ठिपक्यांची जात, युफोर्बिया मॅक्युलाटा. डाग नाही म्हणून दुधी नाही असं मात्र होत नाही. बाकीच्या जातींत तो नसतो. खोडावर बारीक लव असते, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागते.

घोळीचं पान जाड, गुळगुळीत, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळतं, चमच्यासारखं. ती एकाआड एक किंवा जवळपास समोरासमोर येतात आणि शेंड्याला त्यांचा पिंगा होतो, म्हणजे टोकावर चार-पाच पानं एकत्र दाटलेली. खोडावर लव नाही. ओल्या बोटानं चोळलं तर रबरी नळीसारखं वाटतं. लाल रंगावर जाऊ नका. दुधीचं खोडही तांबडं होतं, घोळीचंही, आणि सावलीतली घोळ चक्क हिरवीच राहते. माझ्या मते लाल खोड ही खूण म्हणून बादच करायला हवी. तिनं मदतीपेक्षा गोंधळच जास्त होतो.

आता एक पेच. चिवळ नावाची घोळीची धाकटी बहीण आहे, पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. तिची पानं इवलीशी आणि समोरासमोर असतात, म्हणजे मांडणीवरून ती दुधीच्या पंक्तीत बसते. पण चीक नाही, आणि प्रत्येक पेरावर पानांच्या बगलेत पांढऱ्या केसांचा झुपका असतो. फूल पिवळं, चार पाकळ्यांचं. चिवळ पेरापेरातून मुळं सोडत जाते, त्यामुळे ती उचलली की सतरंजीसारखी निघते. दुधी उचलली तर बहुतेक वेळा सगळ्या फांद्या मधल्या एकाच मुळाला लटकतात. तुमच्या फोटोत चिवळ दिसत नाही, पण पुढे दिसेल म्हणून सांगून ठेवतो.

घोळीशी घोटाळा करणारं तिसरं तण म्हणजे विषखापरा. 1753 साली लिनियसनं त्याला ट्रायांथेमा पोर्टुलॅकॅस्ट्रम असं नाव दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच साधारण 'घोळीसारखं दिसणारं', तेव्हा ही चूक जुनी आहे आणि ती करणारे आपण पहिले नाही. हा घोळीसारखाच मांसल, पण पानं गोलसर, आणि पेरावरच्या जोडीतलं एक पान स्पष्टपणे मोठं, दुसरं लहान. देठाचा तळ पातळ पापुद्र्यासारखा खोडाला वेढून असतो. फूल गुलाबी किंवा पांढरं, एकेकटं, पानाच्या बगलेत इतकं रुतलेलं की बोटानं पान मागे ओढल्याशिवाय दिसत नाही. पिवळं फूल विषखापऱ्याला येत नाही. जोडीतली पानं लहान-मोठी, पण पान पातळ, खालून पांढुरकं, आणि गुलाबी फुलं लांब दांड्यावर झुबक्यानं आलेली असतील तर ती पुनर्नवा. ती वर्षायू, म्हणजे एका वर्षात संपणारी, नाहीच. खाली गाजरासारखं जाड मूळ सापडतं आणि फळं कपड्याला चिकटतात.

फूल कधी दिसलं नाही, यात नवल नाही. घोळीचं फूल ऊन चढल्यावर उघडतं आणि काही तासांत मिटतं. ढगाळ दिवशी कित्येकदा उघडतच नाही. तुम्ही संध्याकाळी पाणी घालताना बघत असाल तर तुम्हाला फक्त मिटलेल्या टोकदार कळ्या दिसणार. उघडलेलं फूल साधारण अर्धा सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर, पिवळं, बहुधा पाच पाकळ्यांचं, पाकळीच्या टोकाला खाच. आणि न उघडताही त्यात बी धरतं, म्हणून फूल नाही तर बी नाही असा हिशोब इथे चालत नाही. दुधीचं फूल तर फूल वाटतही नाही. पानांच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढं तांबूस काहीतरी असतं, आणि त्यातून बाहेर येणारं फळ तीन कप्प्यांचं, प्रत्येक कप्प्यात एकच बी.

घोळीचं बोंड मला फार आवडतं. पिकलं की ते आडवं, मध्यावर चिरतं आणि वरचा अर्धा भाग टोपणासारखा निघून येतो. टाचणीनं टोपण उचला: आत एक मिलिमीटरपेक्षा लहान, काळ्या, चकचकीत बिया भरलेल्या. एवढं दिसलं आणि खोडात चीक नसला, पानं वर सांगितली तशी असली, तर मी घोळ म्हणून सही करेन. विषखापऱ्याचं बोंडही टोपणानं उघडतं, पण ते पानाच्या बगलेत अर्धं दडलेलं असतं आणि बिया मूत्रपिंडाच्या आकाराच्या, बऱ्याच मोठ्या.

उपटूनही घोळ परत का येते, याचं उत्तर तिच्या बियांत आणि त्या मांसल खोडात आहे. पहिल्या वर्षी मी घोळ उपटून तिथेच कडेला ढीग घातला, वाटलं वाळून जाईल. आठवडाभरानं ढीग हलवला तर खालच्या फांद्या टवटवीत, बोंडं पिकलेली, आणि दोन ठिकाणी नवी मुळं मातीत उतरलेली. उपटलेल्या घोळीच्या अंगात पाण्याचा साठा असतो आणि कोरड पडली की ती कामाची पद्धतच बदलते: पानांची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. एरवी ती मका-ऊस यांच्यासारख्या कार्यक्षम पद्धतीनं अन्न बनवते; एकाच पानात या दोन्ही पद्धती चालवणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत. तेव्हा ती जमिनीवर टाकू नका. फुलं येण्याआधी उपटा, आणि उपटलेलं सगळं, तुटलेले तुकडेसुद्धा, बंद पिशवीत घालून बाहेर काढा. खताच्या ढिगात टाकू नका.

दुधीचं वेगळं आहे. तुकड्यातून ती सहसा जगत नाही, पण ओढली की बुडाशी तुटते आणि मूळ फटीत राहतं, त्यातून पुन्हा फुटते. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं फट उकरून मूळ धरा. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात बी तयार होतं, त्यामुळे 'पुढच्या सुट्टीत करू' हे दुधीच्या बाबतीत महाग पडतं. दोन्हींच्या बियांना उजेड आणि उबदार माती लागते, म्हणून कुंडीत खोल उकरणं टाळा. खाली दडलेलं बी तुम्हीच वर आणता. पाचसहा सेंटिमीटर जाड पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तर नवी उगवण बरीच कमी होते.

खाण्याबद्दल: घोळ खाल्ली जाते, पोर्टुलाका ओलेरेशिया या तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दच भाजीपाल्यावरून आलाय. पण फटीतली नको, कारण तिच्यात दुधी गुंतलेली आहे. कुंडीतली घ्यायची तर प्रत्येक फांदी वेगळी मोडून घ्या. मूठभर एकदम खुडू नका. तणनाशक फवारलेली जागा असेल तर विषयच संपला. आणि घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असतं, मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

उद्या ऊन पडलं असेल तर सकाळी दहा-अकराच्या दरम्यान कुंडीच्या कडेची ती लोंबती फांदी बघा. पिवळं फूल उघडलेलं असेल तर पाकळ्या मोजा, आणि त्याच वेळी फटीतल्या फांदीचा शेंडाही मोडून चीक येतो का ते कळवा.