सहा सोसायट्यांच्या गच्च्यांवर सोलर किती बसेल, हे कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय की बोरिवलीत शेजारशेजारच्या सहा सोसायट्या मिळून सोलर बसवायच्या विचारात आहेत, गुगल मॅपवरून गच्च्यांचं क्षेत्रफळ काढून झालंय आणि आता त्यावरून किलोवॅट हवेत. क्षेत्रफळ थोडं बाजूला ठेवा, आधी सावली मोजा. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या कमिटीत असताना मी हे काम केलंय, आणि माझं ठाम मत आहे की मुंबईत खरा हिशेब सावलीचाच असतो.

डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन, या तीन वेळांना टाकी, लिफ्टची मशीन रूम, जिन्याची केबिन आणि कठडा यांच्या सावलीची कड आखा. त्या दिवसांत साडेनऊला सावली उंचीच्या जवळपास १.९ पट पडते. म्हणजे ३ मीटर उंच टाकी वायव्येकडची पावणेसहा मीटर जागा खाते, आणि ४ फुटांच्या कठड्याची तिरकी सावलीसुद्धा साडेसात फूट लांब पडते. साडेतीनपर्यंत हीच सावली ईशान्येला सरकते. तिन्ही वेळा जिथे खडूच्या रेघेबाहेर ऊन राहिलं, ती तुमची जागा. एवढं काटेकोर का, तर पॅनल एकामागोमाग एक माळेत जोडलेली असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी माळेतली वीज घटते. कबुतरांची घाणही तेच करते, त्यामुळे धुण्यासाठी नळ आणि फिरायला वाट सोडाच.

उरलेल्या जागेत दर १०० चौरस फुटांना १ किलोवॅट धरा. समजा ३,००० चौरस फुटांच्या गच्चीत १,२०० उरले, तर १२ किलोवॅट. दर किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साडेतीन ते चार युनिट, म्हणजे रोजचे ४२ ते ४८. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास.

पॅनल ज्यावर बसतात तो सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, सात-आठ फूट उंच केलं तर जागा वाढते, पण वाराही तितकाच अंगावर येतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, त्या हिशेबाने इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती सुरू होईल. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर पाय बसवता येतात.

आता खास मुंबईचा प्रश्न: रिडेव्हलपमेंट. पॅनलचं आयुष्य २५ वर्षं धरतात. सहापैकी कुठल्या इमारतीची बिल्डरशी बोलणी चालू आहेत, दक्षिणेला कुठे टॉवर उठणार आहे, हे सेक्रेटरींना आत्ताच विचारा. आज ऊन असलेली गच्ची तीन वर्षांनी दिवसभर सावलीत गेली तर सगळा हिशेब कोसळतो. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, तसंही बंधनकारक आहे. त्याचा अहवाल असल्याशिवाय त्या गच्चीचा आकडा बेरजेत घेऊ नका.

वीजबिलांकडे वळताना सहाही सोसायट्यांच्या कॉमन मीटरची वर्षभराची बिलं एकत्र मांडा: लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे. नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची वीज कंपनीला जाते आणि बिलातून वजा होते) मंजूर भारापेक्षा, म्हणजे कंपनीने त्या मीटरला मंजूर केलेल्या किलोवॅटपेक्षा, जास्त क्षमता बसवता येत नाही, तेव्हा गच्ची २० किलोवॅटची असली तरी मीटरचा मंजूर भार १२ असेल तर १२ च धरा, किंवा आधी भार वाढवून घ्या. उपनगरात काहींचा मीटर अदानीचा, काहींचा टाटाचा असतो. हिशेबात त्यांचे रकाने वेगळे ठेवा, कारण अर्जही वेगळे जातील. एका सोसायटीची जास्तीची वीज दुसरीच्या बिलात वळती होईल असं गृहीत धरून चालू नका, तुमच्या कंपनीकडून ते लेखी घ्या. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ते खर्चातून वजा करा.

ठेकेदार पाहणीला आले की त्यांच्याकडे सावली धरून काढलेलं दर महिन्याचं उत्पादन मागा आणि तुमच्या खडूच्या नकाशाशी ताडून पाहा. नुसता वर्षाचा एकच आकडा देणाऱ्याला काम देऊ नका.