ट्रॅकवरून आल्यावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग का थरथरतं

तुमची अडचण मला समजली ती अशी. कोइमतूरच्या कारी रेसिंग ट्रॅकवर कंपनीच्याच ब्रेक पॅडवर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या ठोकळ्यांवर) दिवसभर गाडी पळवलीत. फोंड्याला परतल्यावर शंभरच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाल्याने डिस्क वाकल्या असं सांगून त्या लेथवर घासून दिल्या. त्यावर तुम्ही महागडे ट्रॅक पॅड चढवलेत, काही आठवडे गाडी छान चालली आणि आता पुन्हा तीच थरथर. तर नव्या डिस्क घ्याव्यात का?

इतक्यात घेऊ नका. कारण सापडल्याशिवाय पैसे घातलेत तर नव्या डिस्कचीही हीच गत होईल. तुमच्या दोन्ही वेळच्या थरथरी हाताला सारख्याच लागल्या असतील, पण माझ्या मते त्यांची कारणं एकमेकांच्या उलट आहेत आणि दोन्हींचं मूळ पॅडच्या निवडीत आहे.

बिडाची डिस्क ट्रॅकच्या उष्णतेने खरोखर वाकणं फार क्वचित घडतं. आपल्याला जाणवतो तो तिच्या जाडीतला फरक. एका फेरीत डिस्क कुठे जाड, कुठे पातळ लागली की पॅडची पकड कमीजास्त होते आणि तो झटका स्टिअरिंगपर्यंत पोचतो. हा फरक ०.०२ मि.मी. एवढा असला तरी पुरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून ‘वाकली’ म्हणून मोकळं होणं सोपं जातं.

आता ट्रॅकवर काय झालं ते बघा. अकराशे किलोची गाडी १४० वरून ६० वर आणायची म्हणजे सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची. त्यातली सत्तर टक्के पुढच्या चाकांवर येते असं धरलं आणि पुढची एक डिस्क पाच किलोची मानली, तर एका ब्रेकिंगमध्ये ती सुमारे १०० अंशांनी तापते. कारीची एक फेरी जेमतेम दोन किलोमीटरची. डिस्क निवायच्या आत पुढचं वळण येतं. तीनचार फेऱ्यांत ती अशा तापमानाला जाते, जिथे रस्त्यासाठी बनवलेल्या पॅडमधलं रेझिन, म्हणजे माल धरून ठेवणारा चिकट पदार्थ, तग धरत नाही. पॅडचा माल मऊ होऊन डिस्कवर थापला जातो, तोही एकसारखा नाही, ठिगळाठिगळांनी. पातळ आणि एकसारखा थर तर हवाच असतो, पकड त्यातूनच मिळते. घात करतो तो असमान थर.

यात भर पडते पिटमध्ये. तापलेल्या गाडीने आत येऊन पेडलवर पाय ठेवून उभं राहिलं की पॅड जिथे टेकले असतील तिथे त्यांचा ठसा उमटतो. चाक काढून तिरप्या उजेडात बघितलंत तर डिस्कवर अगदी पॅडच्या आकाराचा निळसर-करडा डाग दिसतो, कडासुद्धा ओळखू येतात. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता मारायची, आत आल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही. एवढ्याने अर्धा त्रास टळतो.

डाग तसाच ठेवून गाडी पळवत राहिलात तर ती जागा इतर भागापेक्षा जास्त तापत जाते. साधारण ६५० ते ७०० अंशांपुढे गेल्यावर तिथल्या बिडाची घडणच बदलते आणि सिमेंटाइट नावाचा फार कठीण पदार्थ तयार होतो. मग लेथवर घासूनही उपयोग नसतो. कठीण भाग खोलवर असतो, आजूबाजूचं मऊ बीड आधी झिजतं आणि उंचवटा परत वर येतो. अशी डिस्क मात्र बदलावीच लागते.

तुमच्या दुसऱ्या थरथरीमागे हे असू शकतं, पण मला जास्त संशय वेगळ्या गोष्टीचा आहे. ट्रॅक पॅड तापल्यावरच नीट काम करतात. फोंडा ते पणजी रोज जाऊन-येऊन ते कधीच तेवढे तापत नाहीत. थंड असताना ते डिस्क कानशीसारखे खरवडतात आणि चांगला थरही पुसून टाकतात. त्यात डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, किंचित तिरकी बसली असेल, तर ब्रेक न दाबताही प्रत्येक फेरीत तीच जागा पॅडला घासते. काही आठवड्यांत तिथे डिस्क पातळ होते. म्हणजे पहिल्या वेळी माल चढला, या वेळी लोखंड उतरलं.

डिस्क तिरकी का बसते? आपल्याकडे याचं उत्तर बहुतेकदा गंज हेच. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे येतात. लेथवर डिस्क कितीही सरळ करून आणा, त्या पापुद्र्यावर बसवली की गेलं सगळं. हबजवळचा बारीकसा उंचवटा डिस्कच्या कडेला दुपटीहून मोठा होऊन दिसतो. एअर गनने नट वाटेल तसे आवळणं हे दुसरं कारण. नट हाताने, आलटून पालटून, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळून घ्या.

म्हणून आधी मोजा. डिस्क काढून हबचं तोंड वायर ब्रशने लख्ख करा, डिस्क बसवून सगळे नट आवळा आणि डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं सुईचं मापयंत्र) कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत लावून डिस्क हाताने फिरवा. एका फेरीत सुई जेवढी हलते तेवढी डिस्क डोलते; त्यासाठी कंपन्यांची मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१० मि.मी. असते. मग मायक्रोमीटरने गोलाकार आठ-दहा ठिकाणी जाडी मोजा आणि जाड जागेवर खूण करा. खूण डागावर पडली तर माल चढलाय. गार्नेट पेपरने (एक प्रकारच्या पॉलिश पेपरने) तो घासून काढा आणि पॅडचं नव्याने बेडिंग करा, म्हणजे ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून डिस्कवर एकसारखा थर बसवा; पद्धत शेवटी दिली आहे. डाग नाही आणि एका बाजूला डिस्क पातळ, तर ती झीज. डिस्कवर छापलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त जाडी उरली असेल तर हब साफ करून, शक्यतो गाडीवरच लावायच्या लेथने डिस्क घासून घ्या.

राहिली पॅडची निवड. पॅडच्या पाठपट्टीवरची ‘एफएफ’, ‘जीजी’ ही पकडीची प्रत सांगणारी अक्षरं बघून बरेचजण पॅड घेतात. ती अक्षरं ज्या चाचणीतून येतात ती सुमारे ३४५ अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे ट्रॅकवर पॅड टिकेल का हे त्यातून कळतच नाही. बनवणाऱ्याने दिलेला तापमानाचा पट्टा बघा. वर्षातून एकदोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या आणि एरवी रोज रस्त्यावरून कामावर जाणाऱ्या गाडीला मी थंड असतानाही पकड देणारे आणि ५०० अंशांच्या पुढे टिकणारे जलद-रस्ता प्रकारचे पॅड सुचवीन. अस्सल रेसिंग पॅड हवेच असतील तर ते ट्रॅकवर पोचल्यावर बसवा आणि त्यांच्यासाठी डिस्कची वेगळी जोडी ठेवा. एका पॅडच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड घासला की ठिगळं हमखास पडतात. भोकं पाडलेल्या डिस्कच्या नादी लागू नका, ट्रॅकवर त्यांना भोकांपासून चिरा जातात.

बेडिंगसाठी कोरडा दिवस निवडा. धारगळच्या बाजूला चौपदरी रस्ता पहाटे मोकळा असतो. आरशात मागे कुणी नाही हे बघून ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवा. पेडल मऊ लागत असेल तर तो ब्रेक ऑइलचा प्रश्न, ते डॉट ४ प्रतीचं ताजं भरा.

जाडीचे आकडे आणि पॅडचं नाव कळवा, म्हणजे डिस्क वाचवण्यासारख्या आहेत का ते सांगता येईल.