पुस्तके वाचण्यासाठी लहान आणि स्वस्त टॅबलेट घ्यावा का? अडीच वर्षांच्या वापरानंतरचे उत्तर

आठ इंचांच्या आसपासचा स्वस्त टॅबलेट पुस्तके व पीडीएफ वाचण्यासाठी, अधूनमधून व्हिडिओ पाहण्यासाठी आणि हाताने टिपणे काढण्यासाठी घ्यावा का, की थोड्याच दिवसांत तो कपाटात जाऊन पडतो, असे आपण विचारले आहे. माझा टॅब पहिले चार महिने खरोखरच कपाटात पडून होता. त्यानंतरची दोन वर्षे मात्र मी तो जवळजवळ रोज रात्री वापरत आलो आहे. मधल्या काळात मी त्याची थोडी साफसफाई केली आणि फोनवर होणारी सगळी कामे त्याच्याकडून करून घेण्याचा हट्ट सोडला. आपल्या तीन कामांपैकी पहिल्यासाठी असा टॅब उत्तम, दुसऱ्यासाठी चालण्याजोगा आणि तिसऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील मॉडेले वर्ष-दोन वर्षांत बाजारातून नाहीशी होतात आणि त्यांच्या उणिवा बहुतेक सारख्याच असतात. माझ्या टॅबला आठ इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलची स्क्रीन, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज आणि ५,००० एमएएचची बॅटरी आहे. वजन साधारण ३५० ग्रॅम असून सिमची सोय नाही.

वाचनाच्या दृष्टीने पहिला प्रश्न अक्षरांच्या रेखीवपणाचा आहे. वरील आकड्यांचा हिशेब केला तर या स्क्रीनवर इंचाला सुमारे १८९ पिक्सेल येतात. चांगल्या फोनवर हीच संख्या ४०० च्या घरात असते. रोमन लिपीत हा फरक फारसा जाणवत नाही, पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार आणि मात्रा यांची गर्दी असते आणि खाली रुकार व पायमोडकी अक्षरे असतात, त्यामुळे लहान टाइपात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक डोळ्यांना शोधावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. ईपबसारख्या, स्क्रीनप्रमाणे ओळी जुळवून घेणाऱ्या फाइलमध्ये टाइप दोन पायऱ्या मोठा करावा आणि थोडा जाड फॉन्ट निवडावा. तेवढे केल्यावर मी पाच-सहाशे पानांच्या कादंबऱ्या विनातक्रार वाचल्या आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, हेच १२८० बाय ८०० पिक्सेल दहा इंची स्वस्त टॅबवर पसरले की इंचाला जेमतेम १५० उरतात, म्हणजे स्वस्तातला मोठा टॅब उलट अधिक धूसर दिसतो. सात इंची टॅबवर १०२४ बाय ६०० असेल तर संख्या १७० च्या आसपास येते. थोडे पैसे अधिक घालणे शक्य असेल, तर ते १९२० बाय १२०० च्या स्क्रीनवर घालावेत. आठ इंचांत त्याने इंचाला २८३ पिक्सेल मिळतात आणि हा फरक पहिल्याच पानावर दिसतो.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे पान छापील आकारातच बांधलेले असते. अशा आठ इंची लांबट स्क्रीनची लांबी सुमारे १७.२ सेंटीमीटर आणि रुंदी १०.८ सेंटीमीटर भरते, तर ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. टॅब उभा धरून पूर्ण पान पाहिले, तर १२ पॉइंटचे अक्षर साधारण ६ पॉइंटचे होते आणि ते वाचणे म्हणजे औषधाच्या वेष्टनातील चिठ्ठी वाचणे होय. पानाचे समास कापून दाखवण्याची सोय असलेले वाचनाचे ॲप घेतले, तर तेच अक्षर ८ पॉइंटपर्यंत जाते. टॅब आडवा धरला आणि समासही कापले, तर अक्षर मूळ छापील आकाराइतके होते, मात्र तेव्हा पानाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भागच समोर राहतो आणि एक पान तीन टप्प्यांत सरकवत वाचावे लागते. सलग मजकुरासाठी मला याची सवय झाली. दोन स्तंभांचे शोधनिबंध किंवा मोठे तक्ते असतील, तर मी आजही टॅब बाजूला ठेवतो. नेहमीच्या पुस्तकी आकारातील पाने मात्र समास कापल्यावर उभ्या टॅबवर सुखाने वाचता येतात, आणि लहान टॅबची खरी गंमत तीच आहे.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या फाइल हा या यंत्राचा सर्वांत कच्चा दुवा आहे. अशा फाइलमधले प्रत्येक पान म्हणजे एक मोठे चित्र असते, त्यामुळे पान उलटताना दोन-तीन सेकंद थांबावे लागते आणि मागचे एखादे वाक्य शोधायला गेलो की वाचनाचा ओघ तुटतो. मी अशा फाइल आधी संगणकावर कमी रिझोल्यूशनच्या करून घेतो. त्याने थांबणे बरेच कमी झाले.

आता संथपणाबद्दल लिहितो, कारण टॅब कपाटात गेला तो त्यामुळेच. दोष प्रोसेसरचा असावा असा माझा समज होता, पण बऱ्याच अंशी तो स्टोरेजचा निघाला. स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी प्रकारची मेमरी असते. ती एका वेळी वाचणे किंवा लिहिणे यांपैकी एकच काम करू शकते, तर महाग उपकरणांतील यूएफएस मेमरी दोन्ही कामे एकाच वेळी करते. त्यातच फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी तो ब्लॉक, म्हणजे मेमरीचा तो तुकडा, पुसावा लागतो. टॅब गच्च भरलेला असेल तर मोकळे ब्लॉक मिळवण्यासाठी आतला मजकूर इकडून तिकडे हलवावा लागतो आणि तोवर आपण बोट टेकवून वाट पाहत बसतो. माझ्या ३२ जीबीपैकी सुमारे १२ जीबी जागा अँड्रॉइड आणि आधीच भरून आलेल्या ॲपांनी व्यापलेली होती, उरलेली मी व्हिडिओंनी भरली होती, आणि वर ॲपांची आपोआप होणारी अपडेट चालू होती. म्हणजे मी पान उलटायचो त्याच वेळी पाठीमागे कोणते तरी ॲप स्वतःला नव्याने लिहून घेत असायचे.

मी टॅब फॅक्टरी रीसेट केला, नको असलेली ॲपे बंद केली, आपोआप होणारी अपडेट थांबवून ती आठवड्यातून एकदा हाताने करायचे ठरवले, पुस्तके मेमरी कार्डावर हलवली आणि आतली ७-८ जीबी जागा कायम मोकळी ठेवली. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे मेमरीला कळवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.३ या आवृत्तीपासून आहे आणि ते काम टॅब चार्जिंगला लावून स्वस्थ पडलेला असताना होते. म्हणून दर काही दिवसांनी तो रात्रभर तसा ठेवण्याचा मला फायदा झाला. तो वेगवान झाला असे मी म्हणणार नाही. त्रास देईनासा झाला, एवढे नक्की.

३ जीबी रॅमचा अर्थ असा की, एका वेळी मोजकीच ॲपे उघडी राहतात; पुस्तकातून ब्राउझरमध्ये एखादा शब्द पाहायला गेलो आणि परत आलो, तर वाचनाचे ॲप अनेकदा नव्याने उघडते. आपले पान लक्षात ठेवणारे आणि शब्दकोश आतच उघडणारे ॲप निवडले की हा प्रश्न बराचसा मिटतो.

व्हिडिओबद्दल खरेदीपूर्वी एकच गोष्ट तपासावी. टॅबला वाइडवाइनचा, म्हणजे व्हिडिओची चोरून नक्कल होऊ नये म्हणून असलेल्या संरक्षणाचा, वरचा एल-१ दर्जा आहे की फक्त खालचा एल-३, हे पाहावे. केवळ एल-३ असल्यास पैसे भरून पाहण्याच्या अनेक सेवा ४८०पी या कमी स्पष्टतेच्या पुढचे चित्र देत नाहीत, मग स्क्रीन कितीही चांगली असो. माझ्या टॅबला एल-३ च आहे. आठ इंचांवर ते चित्र सहन होते, बारीक उपशीर्षके तेवढी फिसकटलेली दिसतात. स्पीकर एकच असून टॅब आडवा धरला की नेमका तळव्याखाली झाकला जातो, पण हेडफोनची जुनी गोल खाच शाबूत आहे, हे स्वस्त टॅबचे एक सुख.

टिपणांविषयी आपण आग्रही असाल, तर हा वर्ग सोडून द्यावा. या स्क्रीनखाली पेन ओळखणारा वेगळा थर नसतो, त्यामुळे रबरी टोकाची कोणतीही लेखणी तिला बोटासारखीच वाटते. मनगट टेकवले की रेघा उमटतात आणि अक्षर पहिलीतल्या मुलाचे असावे तसे येते. कळफलक उघडून टाइप करायचे म्हटले तर आडव्या स्क्रीनचा निम्मा भाग त्यातच जातो. मी वाचताना ओळी रंगवून ठेवतो आणि टिपणे कागदावर काढतो.

हातात धरण्याच्या बाबतीत मात्र हा आकार मला फार आवडतो. स्क्रीनभोवतीची जाड काळी चौकट जुनाट दिसते खरी, पण अंगठा टेकवायला तीच उपयोगी पडते. सोबत घेतलेले कव्हर मी महिनाभरात काढून टाकले, कारण त्याच्यासह वजन अर्ध्या किलोच्या जवळ जाते आणि आडवे पडून वाचताना टॅब एकदा तरी नाकावर आपटतोच. रात्रीच्या अंधारात सर्वांत कमी ब्राइटनेसही डोळ्यांना टोचत असे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून स्क्रीन आणखी मंद करण्याची वेगळी सोय आली आहे, तेव्हा निदान ती आवृत्ती असलेला टॅब पाहावा. उन्हात वाचण्याची आशा ठेवू नये. चार्जिंग १० वॅटचे असल्याने पूर्ण भरायला तीन तासांहून अधिक लागतात आणि फोनचा मोठा चार्जर लावूनही फरक पडत नाही. वाय-फाय बंद ठेवून रोज तास-दीड तास वाचले, तर माझे चार-पाच दिवस निघतात. सुरक्षेची अपडेट या वर्गात लवकर थांबतात, म्हणून बँकेचे कोणतेही ॲप मी त्यावर ठेवलेले नाही.

आपले वाचन मुख्यतः कादंबऱ्या, लेख आणि पुस्तकी आकाराच्या पीडीएफ यांचे असेल, तर ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि मेमरी कार्डाची खाच असलेला आठ इंची टॅब नि:शंक घ्यावा. ते मुख्यतः ए-फोर आकाराच्या स्कॅन केलेल्या अभ्याससाहित्याचे असेल, तर थोडे थांबून चांगल्या स्क्रीनचा दहा इंची टॅब घ्यावा.