जानेवारीत नाझारेला सर्फिंग शिकता येईल का?

जानेवारीत आपण पोर्तुगालला जाणार आहात आणि नाझारे येथे सर्फिंग शिकता येईल का, असे विचारले आहे. नाझारेला अवश्य जावे, परंतु त्या दिवसांत तिथे पाण्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी काही वर्षे लिस्बनमध्ये राहिलो असून हा किनारा दोन्ही ऋतूंत पाहिला आहे.

कोकणातला समुद्र ज्याच्या सवयीचा आहे, त्याची इथे पहिली फसगत ऋतूंबाबत होते. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि हिवाळ्यात निवळतो; इथे मात्र ऑक्टोबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमध्ये एकामागून एक वादळे उठतात आणि त्यांच्या लाटा शेकडो, कधी हजारो किलोमीटर अंतर कापून या किनाऱ्यावर येतात. त्यातच नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी सुमारे २३० किलोमीटर लांबीची दरी असून तिचे टोक थेट गावाजवळ येते. उथळ भागावरून येणारी लाट मंदावते, दरीवरून येणारी वेग टिकवून वळते आणि प्राया दो नोर्त या पुळणीसमोर दोन्ही एकमेकींवर चढल्या की उंची एकदम वाढते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉयड्टनर इथेच २६.२१ मीटरच्या लाटेवर स्वार झाला होता. जानेवारी २०२३ मध्ये मात्र याच पाण्यात एका मुरलेल्या ब्राझिलियन सर्फरचा मृत्यू झाला.

अंदाज पाहताना बहुतेक जण केवळ लाटेची उंची पाहतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे ते एका लाटेनंतर दुसरी येण्यास लागणारे सेकंद. खोल पाण्यात आठ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १०० मीटर असते, तर सोळा सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर. लाटेला साधारण निम्म्या लांबीइतक्या खोलीपासून तळ जाणवू लागतो, म्हणून दरीचा परिणाम लांब लाटांवरच खऱ्या अर्थाने दिसतो. हे ठाऊक नसताना मी एका डिसेंबरमध्ये मोठ्या उत्साहाने दीपगृहाच्या किल्ल्यावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा समोर जेमतेम मीटरभर लाटा होत्या आणि वर धुके! मोसम म्हणजे रोजचा खेळ नव्हे. तारीख आधी ठरवण्यापेक्षा दोन-तीन दिवस हाताशी ठेवून अंदाज पाहून निघावे.

शिकायचेच असेल, तर दक्षिणेला पेनिशजवळचे बालिआल गाठावे. पेनिशच्या भूशिरामुळे तिथल्या किनाऱ्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत, त्यामुळे एकीकडे समुद्र दांडगाई करत असला तरी दुसरीकडे आडोसा मिळू शकतो. जानेवारीत पाणी सुमारे १४-१५ अंश असते, म्हणून जाड वेटसूट हवाच आणि प्रशिक्षकाने नाही म्हटले, तर हट्ट करू नये. उन्हाळ्यात लाटा लहान असतात, पण ‘नोर्तादा’ हा उत्तरेकडील वारा दुपारनंतर पाणी विसकटून टाकतो आणि खालचे थंड पाणी वर आणतो, म्हणून ऑगस्टमध्येही अंगावर काटा येतो. प्रवासाची तारीख बदलणे शक्य असेल, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा: वारा मंदावलेला असतो, पाणी त्यातल्या त्यात उबदार असते आणि हिवाळ्यातील मोठ्या लाटांना अजून अवकाश असतो.