दोन पावलं मागे

लातूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

बेटा,

काल रात्री ढोल थांबेपर्यंत तू पाठवलेले चाळीस फोटो पाहत बसलो. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

उजेड तुला कळतो. गोलाई चौकातल्या फुलवाल्या बाईच्या हातावर पडलेली उन्हाची तिरीप बघून मी बराच वेळ थांबलो. पण तू लिहिलंस, ‘काका, बदलत्या लातूरची नोंद करायचीय.’ त्या कामाला या चाळिसांतले फार तर सहा उपयोगी पडतील. दाराची कडी, सागवानी खांबावरची नक्षी, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हे औशात काढलं काय नि अंबाजोगाईत काढलं काय, सारखंच दिसतं. दहा वर्षांनी यातला कुठला फोटो कुठल्या गल्लीतला हे तुलाही सांगता येणार नाही.

मी हेच वीस वर्षं केलं.

रस्ता रुंद झाला तेव्हा एका कासाराचं दुकान गेलं. पुढे कासारही गेले. त्यांचा मुलगा माझ्या स्टुडिओत आला, वडिलांच्या दुकानाचा एखादा फोटो आहे का विचारायला. मला आनंदच झाला, कारण त्या दुकानावरचा लाकडी सज्जा मी तीनदा काढला होता. प्रिंट त्याच्या हातात दिली. तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘यात दुकान कुठंय?’ दुकान खाली होतं. पत्र्याची पाटी, लोंबत्या वायरी, टेकवून ठेवलेली सायकल, हे सगळं डोळ्यांना खुपलं म्हणून मी चौकटीबाहेर ठेवलं होतं. निगेटिव्ह भिंगाखाली धरली, तर अगदी खालच्या कडेला पाटीवरच्या अक्षरांच्या वेलांट्या आणि मात्रा तेवढ्या आल्या होत्या. शिरोरेघेच्या वरचं दुकान. खालचं काही नाही. मी तो भाग मोठा करून दिला आणि त्यानं तो कपाळाला लावून नेला. त्या दिवसापासून मी फोटो काढताना आधी दोन पावलं मागे सरतो.

तूही सर. मनासारखी चौकट जुळली की तिथून दोन पावलं मागे ये आणि मग बटण दाब. रस्त्याचा डांबर, नाली, पाटी, तारा, थोडं आभाळ, सगळं येऊ दे. सुंदर फोटो नंतर कापून काढता येतो. कापलेलं परत जोडता येत नाही.

आजच्या दिवशी मला किल्लारी आठवतेच. १९९३ साली ३० सप्टेंबरला, असंच विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा भार. माणसं झोपेतच गेली. मी दुपारी पोहोचलो, चार-पाच फोटो काढले आणि कॅमेरा पिशवीत घातला. ढिगाऱ्याचे फोटो काढायला पुष्कळ जण आले होते.

पुढे गावं नव्या जागेवर बसली. रुंद सरळ रस्ते, एकासारखं एक घर. मग एकेक माणूस माझ्याकडे यायला लागला: आमच्या जुन्या गल्लीचा फोटो आहे का? पडलेल्या गावाचे फोटो होते, उभ्या गावाचा एकही नव्हता. गल्लीचा फोटो कोण कशाला काढेल? तेव्हा मला लग्नं आठवली. त्या भागातल्या कितीतरी वराती मी काढल्या होत्या. निगेटिव्हची पाकिटं उघडली. घोड्यावरच्या नवरदेवामागे पार होता, मारुतीचं देऊळ होतं, किराणा दुकानाची फळी होती, माळवदावर उभ्या राहून बघणाऱ्या बाया होत्या. एक आजी एका प्रिंटवर बोट ठेवून घरं मोजत गेली, हे यांचं, हे त्यांचं, ही आमची चौकट. नवरदेवाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तो तिचाच नातू होता.

म्हणून मी म्हणतो, या शहराची निम्मी नोंद आधीच काढलेली आहे. ती लग्नाच्या, बारशाच्या, शाळेच्या फेरीच्या आणि उद्घाटनाच्या फोटोंत मागच्या बाजूला उभी आहे. स्टुडिओवाल्यांनी ती हिंदुस्तान फोटो फिल्म्स कंपनीच्या ‘इंदू’ कृष्णधवल फिल्मवर काढली आणि खोक्यात टाकली. तुझं पहिलं काम कॅमेरा घेऊन हिंडण्याचं नाही, ही खोकी शोधण्याचं आहे.

खोकं सापडलं की फोटो कधीचा हे ओळखायला शीक. यात मला अजूनही फार मजा येते. पाटीवर ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर पाटी १६ ऑगस्ट १९८२ च्या आधी रंगवलेली, कारण त्या दिवशी आपला जिल्हा वेगळा झाला. पण सावध राहा, पाटी जुनी आणि फोटो नंतरचा असू शकतो. दुकानदार काही जिल्हा बदलला म्हणून लगेच पेंटरला बोलवत नाही. फोन नंबर किती आकडी आहे ते मोज. गाडीवर एमएच २४ आहे की त्याआधीची तीन इंग्रजी अक्षरं, ते बघ. भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर तर वर्ष सांगूनच टाकतं. दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय तारीख लिहू नकोस. नुसता अंदाज असेल तर पेन्सिलीनं ‘अंदाजे’ लिही.

आता तुझे स्वतःचे फोटो. सगळं शहर धरू नकोस. गोलाई घे. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडे फुटणारे १६ रस्ते. त्यातला एक रस्ता निवड आणि त्यावर पाच जागा ठरव. वर्षातून दोनदा, तुरीच्या हंगामात आणि दिवाळीआधी, त्याच पाच जागी उभी राहा. जागा लक्षात ठेवायला पानटपरी किंवा झाडाची खूण धरू नकोस, ती जाते. दोन पक्क्या वस्तू एका रेषेत आण, समज देवळाचा कळस आणि मागच्या इमारतीचा कोपरा. मग दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोध. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की तू वीतभर इकडेतिकडे न होता मागच्याच जागी आहेस. भिंगही तेच ठेव, झूम फिरवू नकोस. सकाळी देवळाला पाठ करून पश्चिमेकडच्या रस्त्यावर बघितलंस तर ऊन तुझ्या पाठीशी असतं, पाट्या स्वच्छ वाचता येतात. पूर्वेकडच्या रस्त्याला संध्याकाळी जा. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी कॅमेरा काढूच नकोस. सूर्य थेट माथ्यावर येतो आणि छज्ज्याखालच्या सगळ्या पाट्या काळ्या पडतात.

दुष्काळातली पाण्याची रेल्वेगाडी तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस. १२ एप्रिल २०१६, मिरजेहून १० वाघिणी, ५ लाख लिटर. गाडीचा फोटो सगळ्या देशानं पाहिला. त्याच उन्हाळ्यात जलकुंभांपाशी गर्दी नको म्हणून जमावबंदी लागली होती, आणि गल्लोगल्ली दारासमोर ड्रम उभे होते, ज्यावर रंगानं घरमालकाचं नाव लिहिलेलं. त्या ड्रमांच्या ओळींचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत. अकराच! मीही स्टेशनवर गेलो होतो ना. असंच बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं झालं. अडीच फुटी रुळांवरच्या त्या इंजिनाचे फोटो पुष्कळांकडे आहेत, स्टेशनबाहेरच्या चहावाल्याचा मला आजवर एकही मिळाला नाही.

एक गोष्ट जपून कर. हातगाडीवाल्यासमोर कॅमेरा काढलास की त्याला आधी वाटतं, ही महानगरपालिकेकडून आली, आता अतिक्रमणात गाडी उचलणार. त्याची भीती खरी आहे. आधी बोल, काही विकत घे, कशासाठी काढतेस ते सांग, नको म्हणाला तर पुढे चल. आणि काढलास तर प्रिंट नेऊन दे. मोबाइलवर पाठवलेला चालत नाही, कागदावरचा दे. प्रिंट दिलेला माणूस पुढच्या वेळी स्वतः हाक मारून सांगतो की कोपऱ्यावरचं दुकान पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत. मला बहुतेक बातम्या अशाच कळल्या.

साठवणीचं थोडक्यात: फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग रस्ता. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. निगेटिव्ह पोत्यात किंवा पत्र्याच्या पेटीत नको, पावसाळ्यात बुरशी धरते.

आणि ज्यासाठी हे पत्र आजच टाकतोय ते. माझ्या ओळखीचे दोन स्टुडिओ दिवाळीआधी बंद होतायत. दोघांकडे मिळून नऊ पोती निगेटिव्ह आहेत, बहुतेक लग्नांची. भंगारवाला चांदी काढायला कृष्णधवल फिल्म घेतो, त्यानं भाव सांगून ठेवलाय. मी दोघांनाही रविवारपर्यंत थांबा म्हटलंय. पोती उचलणं आता माझ्यानं होत नाही. रविवारी सकाळी आठला रिक्षा घेऊन ये, सोबत कुणी असेल तर आण. सुती हातमोजे, मऊ पेन्सिली आणि कागदी पाकिटं मी आणून ठेवली आहेत.

तुझा,
काका