तेलाच्या रांजणाला पांढरा खार येतोय, वार्निश मारू का?

प्रश्न: दिवाळीत मुंबईहून एक जुना मातीचा रांजण आणला, कमरेएवढा उंच. दुकानदार म्हणाला फ्रान्सच्या दक्षिणेकडचा आहे, यात ऑलिव्ह ऑइल साठवायचे. हॉलमध्ये कूलरच्या बाजूला ठेवलाय. एप्रिलपासून खालच्या भागावर पांढरी भुकटी येतेय, रोज ओल्या फडक्याने पुसते तरी सकाळी परत तेच. घरचे म्हणतात वार्निश मारून टाक. आणि आतून चकचकीत आहे, तर आंब्याचं लोणचं घालता येईल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, वार्निश अजिबात नको, आणि आजच्या आज तो रांजण कूलरपासून हलवा. ही भुकटी म्हणजे क्षार, जुन्या भिंतींना लोणा लागतो ना तोच प्रकार. मातीत मुरलेला क्षार कूलरच्या ओलाव्याने विरघळतो, मग कूलर बंद झाला की आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतो, त्यात तुम्ही रोज ओलं फडकं फिरवता म्हणजे त्याला आणखी पाणीच पाजता, आणि ते पाणी बोअरचं असेल तर वरून नवा क्षारही देता. फडकं बंद. कोरडा मऊ ब्रश घ्या, भुकटी कागदावर झाडा आणि फेकून द्या. रांजण फरशीवर न ठेवता लाकडी तिवईवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे.

वार्निशने काय होतं, तर क्षार आतच अडकतो, तिथेच त्याचे खडे वाढतात आणि माती पापुद्र्यांनी सुटते. एका घरी असा पॉलिश केलेला रांजण बघितला, नुसतं बोट लावलं तर बिस्किटासारखा तुकडा हातात आला, फार वाईट वाटलं.

लोणच्याचं मात्र विसरा. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, पण तेल पाझरलं तर नुकसान, म्हणून तिकडचे कुंभार रांजणाला आतून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, द्यायचे, आणि जुन्या ग्लेझमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं. कैरीच्या आंबटपणाने ते लोणच्यात उतरतं. कुंडी म्हणूनही वापरू नका, रोज पाणी घातलं की खार दुप्पट.

फ्रान्सच्या दक्षिणेला बियोत नावाचं गाव अशा रांजणांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांचं ग्लेझ पिवळं, आतून आणि काठावर, बाहेरून माती उघडीच. तिथले कुंभार लाकडी सांगाड्याभोवती दोरी गुंडाळून तिच्यावर माती लावायचे आणि माती सुकली की दोरी ओढून काढायचे. म्हणून टॉर्च घ्या आणि आत बघा, ग्लेझखाली दोरीच्या वळ्या आडव्या उमटलेल्या दिसल्या तर दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. काठावरून ग्लेझचे ओघळ बाहेर आले असतील तर तेही तसेच राहू द्या, घासून साफ करायला जाऊ नका, मला तर अशा रांजणात तेच सगळ्यात जास्त आवडतात.